न दिसणाऱ्यांची खानेसुमारी

विज्ञानाच्या बहुतेक शाखांत अभ्यासविषय अभ्यासकासमोर हजर असतो, किंवा त्याला हजर करण्याची काही तरी सोय असते. रसायनशास्त्रज्ञाचे द्रव्य नळीत ओतता येते, वनस्पतिशास्त्रज्ञाचे झाड काल जेथे होते तेथेच उद्याही सापडते, आणि ज्योतिर्विदाचा ग्रह कितीही दूर असला तरी पंचांगातील वेळ चुकवीत नाही. परंतु जो प्राणी रात्रीच बाहेर पडतो, एकट्यानेच राहतो, ज्याचा वर्ण वाळल्या गवतात नि पाचोळ्यात विरून जातो, आणि आपल्याला ज्याचा सुगावा लागण्याच्या कितीतरी आधी ज्याला आपली चाहूल लागलेली असते, त्याच्या अभ्यासाचे व्रत घेणाऱ्याला आपले सारे शास्त्र त्या प्राण्याच्या पश्चात, त्याने मागे ठेवलेल्या चिन्हांवरच उभारावे लागते. सह्याद्रीतील खवले मांजर, उसाच्या फडात पिले घालणारी वाघाटी, माळावरचे तरस, गावकुसापर्यंत येऊन जाणारा बिबट्या आणि स्पिती-लडाखच्या कड्यांवरचा हिमबिबट्या यांच्यात जातिकुळाचे साम्य फारसे नाही. साम्य एवढेच की त्यांच्यासाठी आयुष्य वेचलेल्या माणसांनीही त्यांना डोळ्यांनी फार थोडा वेळ पाहिलेले असते. अशा प्राण्यांचे शास्त्र कसे घडत गेले आणि त्यांच्या रक्षणाशी त्या शास्त्राचा संबंध काय, हा प्रस्तुत लेखसंग्रहाचा विषय आहे.

या विषयात नव्याने शिरणाऱ्याने एक भेद प्रथम मनाशी पक्का करून घ्यावा. रान धुंडाळूनही प्राणी दिसला नाही, एवढ्यावरून तो तेथे नाही असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला केव्हा पोहोचतो? आपल्या मीमांसकांनी हा प्रश्न निराळ्या संदर्भात, पण फार बारकाईने चर्चिला आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती हे अनुपलब्धीला अभावज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानतात, परंतु त्याबरोबर एक अटही घालतात, ती अशी की ही अनुपलब्धी 'योग्य' असली पाहिजे, म्हणजे वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिती असली पाहिजे. उजेडात भूतलावर घट दिसला नाही तर घट नाही असे म्हणता येते. अंधारात दिसला नाही तर काहीच म्हणता येत नाही. वन्यप्राणिशास्त्राचा गेल्या शतकातील इतिहास हा, माझ्या मते, या एका अटीची जाणीव हळूहळू आणि पुष्कळ किंमत मोजून होत गेल्याचा इतिहास आहे. डॅरिल मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली ज्या गणिती पद्धतीचा पाया घातला, तिच्यात एकाच जागी पुनःपुन्हा शोध घेऊन, प्राणी असूनही आपल्याला न सापडण्याचा संभव किती हे आधी ठरवितात आणि मगच तो किती प्रदेशात वावरतो याचा अंदाज बांधतात. कुमारिल भट्टांना हे समीकरण कोणी समजावून दिले असते तर त्यांना त्यात अपरिचित असे फारसे काही आढळले नसते.

या शास्त्रातील सर्वांत जुने घराणे माग काढणाऱ्यांचे. ओल्या मातीतील पंजाची कड किती ढासळली आहे यावरून जनावर पहाटे गेले की मध्यरात्री, हे सांगणारे फासेपारधी, गोंड, कोरकू किंवा कातकरी हे या विद्येचे पहिले आचार्य होत. संस्थानांच्या शिकारखान्यांनी आणि साहेबांच्या शिकारवर्णनांनी त्यांच्याच ज्ञानावर आपली प्रतिष्ठा उभारली, आणि श्रेय देण्याची वेळ आली तेव्हा बहुतेक ठिकाणी त्यांचा उल्लेख 'आमचा खबऱ्या' एवढ्यावरच आटोपला. बंदुकीच्या या परंपरेतून बाहेर पडणारा पहिला ठळक पुरुष म्हणजे संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी रात्रीच्या प्रकाशझोतात घेतलेली हरणांची छायाचित्रे १९०६ साली प्रसिद्ध झाली होती. चॅम्पियन यांनी त्याच वाटेने जाऊन, वाघाच्या नित्याच्या पायवाटेवर तार ताणून, तिला त्याचा पाय लागताच आपोआप छायाचित्र निघेल अशी योजना केली, आणि १९२७ साली आपला छायाचित्रग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात व त्यांवरून व्यक्ती ओळखता येते, हेही त्यांच्या ध्यानात आले होते. या निरीक्षणात पुढील सर्व व्याघ्रगणनेचे बीज होते, पण ते रुजायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

मधल्या काळात भारतात जी पद्धत राज्य करून गेली ती पाऊलखुणांची. ओडिशातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास तिला शिस्तबद्ध रूप दिले. ठरलेल्या दिवसांत देशभरचे वनरक्षक व वनमजूर एकाच वेळी बाहेर पडावयाचे, वाघाच्या मागच्या पायाचा ठसा काचेवर धरून कागदावर उतरवून घ्यावयाचा किंवा प्लास्टरमध्ये साचा करावयाचा, आणि सारे ठसे मुख्यालयात मांडून त्यांतून निरनिराळे वाघ वेगळे काढावयाचे. १९७२ च्या पहिल्या अखिल भारतीय गणनेत देशात १,८२७ वाघ असल्याचे जाहीर झाले, आणि त्या धक्क्यातूनच पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प जन्मास आला, ज्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आपला मेळघाट होता. या पद्धतीची आज सर्रास टर उडविली जाते, ती मला अनुचित वाटते. हजारो वनकर्मचाऱ्यांना तिने वर्षातून एकदा तरी आपल्या हद्दीतील प्रत्येक नाला पायांखाली घालावयास लावले, ही लहान गोष्ट नव्हे. तिचा दोष माग काढण्यात नव्हता. प्रत्येक वाघाचा ठसा आपल्याला सापडलाच आहे आणि सापडलेला प्रत्येक ठसा कोणाचा हे आपण ओळखलेच आहे, या दोन गृहीतांत होता. कागदावर शिरगणती होती आणि तिच्याभोवती अनिश्चिततेची रेघसुद्धा आखलेली नव्हती. एकदा सरकारी दप्तरात आकडा चढला की तो कमी होणे हे संबंधित अधिकाऱ्याच्या नालायकीचे प्रमाण मानले जाते, आणि अशा व्यवस्थेत आकडे कोणत्या दिशेने वाढतात हे सांगावयास ज्योतिषी नको. राजस्थानातील सरिस्का येथे २००४ च्या कागदोपत्री वाघ नांदत होते. २००५ च्या प्रारंभी तेथे एकही वाघ उरलेला नाही, चोरट्या शिकाऱ्यांनी सारे संपविले आहेत, हे उघड झाले. त्यानंतर पंतप्रधानांनी व्याघ्र कृतिदल नेमले, आणि ठशांवरून शिरगणती करण्याची पद्धत राष्ट्रीय गणनेतून निवृत्त झाली.

तिच्या जागी आलेल्या पद्धतीचे मूळ जंगलात नसून समुद्रात आहे. डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ सी. जी. जे. पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांना खूण करून पुन्हा पाण्यात सोडले आणि पुढच्या पकडीत खूण असलेले मासे किती येतात ते पाहिले. चाळीस मासे खूण करून सोडले, पुढे पन्नास पकडले आणि त्यांत दहा खुणेचे निघाले, तर एकूण साठा दोनशेच्या आसपास असावा, हा त्यातला सरळ त्रैराशिकाचा हिशेब. पुढे फ्रेडरिक लिंकन यांनी तो १९३० साली बदकांना लावला. वाघाला पकडून खूण करण्याची गरज नाही, कारण निसर्गाने त्याच्या अंगावर ती आधीच करून ठेवलेली आहे, हे चॅम्पियनचे निरीक्षण आणि पीटरसनचे गणित यांची गाठ कर्नाटकातील नागरहोळे येथे उल्हास कारंत यांनी आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या आधारे घालून दिली. १९९५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध आणि त्यानंतर जेम्स निकोल्स यांच्यासह केलेले काम यांनी जगभरच्या मार्जारकुळाच्या अभ्यासाची भाषाच बदलून टाकली. पुढे एफर्ड, रॉयल आदी गणितज्ञांनी प्राणी कोठे कोठे टिपला गेला याचाही विचार हिशेबात आणला, त्यामुळे 'किती' याबरोबर 'किती क्षेत्रात किती' याचेही उत्तर अधिक भरवशाचे झाले.

या पद्धतीने केलेल्या २००६ च्या गणनेत देशातील वाघांचा अंदाज १,४११ निघाला आणि एकच कोलाहल माजला. पण तो आकडा आधीच्या आकड्यांपेक्षा लहान असला तरी अधिक प्रामाणिक होता. २०१८ च्या फेरीत कॅमेरे २६ हजारांहून अधिक ठिकाणी बसविले गेले, सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे निघाली आणि त्यांत वाघाची निघाली ७६,६५१. उरलेल्या कोट्यवधींत चितळ, सांबर, गुरे, गुराखी आणि वाऱ्याने हललेले गवत होते. इतका खटाटोप करूनही शेवटी जे हाती येते ते एका आकड्याच्या रूपात येत नाही. २०२२ च्या गणनेने किमान ३,१६७ व कमाल ३,९२५ असा पल्ला सांगून मधला अंदाज ३,६८२ दिला. वर्तमानपत्रे त्यातला एकच आकडा उचलून मथळा करतात. वाचकाने मात्र दोन टोकांमधील अंतराकडे पाहावे, कारण शास्त्राचे खरे बोलणे त्या अंतरात असते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरे मोजण्याचा आपल्याकडे जो प्रघात आहे त्याला मी विरोध करणार नाही. तो रानाचा उत्सव म्हणून अवश्य चालावा, गणना म्हणून त्याचा हवाला कोणी देऊ नये.

प्रत्यक्ष निरीक्षणाचे दुसरे एक घराणे आहे, ज्याचे आपल्या देशातील आद्य उदाहरण म्हणजे जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्हा येथे केलेला आणि १९६७ साली ग्रंथरूपाने आलेला हरिण व वाघ यांचा अभ्यास. तिसरे घराणे गळपट्ट्यांचे. अमेरिकेत फ्रँक व जॉन क्रेगहेड या जुळ्या भावांनी १९६१ मध्ये यलोस्टोन येथे अस्वलाच्या गळ्यात रेडिओ-यंत्र बांधले. नेपाळातील चितवन येथे १९७३ पासून वाघांना ते बांधले गेले, आणि १९८२ मध्ये रॉडनी जॅक्सन यांनी नेपाळमध्येच हिमबिबट्याला. जनावराला बेशुद्ध करून पट्टा बांधण्यात त्याच्या जिवाला धोका असतो आणि त्या धोक्याला लाभाचे माप लावावयाचे कसे, हा वाद या शाखेत आजही मिटलेला नाही. तो मिटू नये असेच मला वाटते.

पण पट्ट्याने जे सांगितले ते दुसऱ्या कशानेही सांगितले नसते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या वाचकाला दूर शोधावे लागत नाही. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक बिबट्या बाहेर काढून, विद्या अत्रेय यांच्या पथकाने त्याला पट्टा बांधून माळशेज घाटाकडे सोडले. मंडळींनी त्याला 'आजोबा' म्हटले. हे आजोबा तेथे राहिले नाहीत. रस्ते ओलांडीत, वसईची खाडी पार करून, सुमारे १२० किलोमीटरची मजल मारून ते मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात दाखल झाले, आणि वाटेत त्यांच्यामुळे कोणा माणसाला इजा झाली नाही. पुढे २०११ च्या डिसेंबरात मुंबई–अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला.

या कथेवर चित्रपट निघाला म्हणून ती सर्वांना ठाऊक आहे. तिच्यामागचा अभ्यास तेवढा ठाऊक नाही, आणि तोच अधिक मोलाचा आहे. जुन्नर परिसरात २००१ ते २००३ या काळात शंभराहून अधिक बिबटे पिंजरे लावून पकडण्यात आले आणि दूरच्या जंगलात सोडण्यात आले. हेतू स्वच्छ होता: शेतातले वाघरू जंगलात पोहोचले की दोघांचेही भले. फल मात्र उलट मिळाले. या स्थलांतरांनंतर माणसांवरील हल्ले सुमारे चौपट झाले. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर आपल्या जागेकडे परतू पाहते, आणि त्याच्या रिकाम्या हद्दीत दुसरे शिरते, हे त्या वेळी शासनदरबारी कोणाच्या हिशेबात नव्हते. त्यानंतर अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्याच्या शेतीप्रदेशात, जेथे कागदोपत्री जंगल जवळजवळ नाही, तेथे कॅमेरे लावले. १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे आणि तितकीच तरसे तेथे निघाली. आणि त्या बिबट्यांच्या विष्ठेच्या तपासणीत त्यांच्या आहाराचा फार मोठा भाग कुत्रे व इतर पाळीव जनावरे यांचा असल्याचे आढळले. ज्या तालुक्यात बिबट्या 'चुकून आला' असे पंचनाम्यात लिहिले जात होते, तेथे तो वस्तुतः रहिवासी होता. सरकारी शब्दप्रयोगातील एवढीशी दुरुस्ती, पण तिच्यावर पिंजरा लावावयाचा की नाही, नुकसानभरपाई कोणत्या तत्त्वावर द्यावयाची आणि उसात सापडलेली पिले केंद्रात न्यावयाची की रात्री तेथेच ठेवून मादीला परत नेऊ द्यावयाची, हे सारे निर्णय अवलंबून होते.

चुकीचे ज्ञान अज्ञानापेक्षा किती महाग पडते, याचा दुसरा दाखला खानदेशातला आहे, आणि तो एखाद्या गुप्तपोलिसी कथेइतका चमत्कारिक आहे. रानपिंगळा हे लहानसे घुबड १८७३ साली ह्यूम यांनी शास्त्राला परिचित करून दिले. खानदेशात मुलकी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ पर्यंत त्याचे काही नमुने गोळा केले, आणि त्यानंतर तो पक्षी जणू पृथ्वीच्या पाठीवरून पुसला गेला. मध्ये फक्त एक नोंद होती: १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे आपण तो मिळविला, असा कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित संग्राहकाचा दावा. सालिम अली यांच्यासारख्यांनी केलेले शोधही निष्फळ ठरले. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातील कातड्यांची तपासणी केली, आणि हा नमुना डेव्हिडसनच्याच संग्रहातून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावलेला आहे हे उघडकीस आणले. खोटी नोंद बाद होताच शोधाची दिशा बदलली. केवळ विश्वसनीय ठिकाणे हाती धरून रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अॅबट तेथवर गेले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षे हरवलेला हा पक्षी चक्क दिवसाउजेडी वावरणारा निघाला. अनुपलब्धी होती, पण ती 'योग्य' नव्हती. पुढे मेळघाटातही त्याचे अस्तित्व सिद्ध झाले, आणि तानसाच्या रानात तो आढळल्यावर मुंबईकरांना तो आपल्या शेजारचा आहे हे कळले.

रेणुशास्त्राने गेल्या तीन दशकांत जे नवे दालन उघडले त्याचे सविस्तर विवेचन संग्रहात आहे, म्हणून येथे एकच नमुना पुरे. व्हिएतनाम-लाओसच्या सरहद्दीवरील पर्वतराजीत १९९२ साली शिकाऱ्यांच्या घरांत टांगलेल्या शिंगांवरून 'साओला' हा बैलाच्या कुळातील मोठा प्राणी विज्ञानाला कळला. कोणाही जीवशास्त्रज्ञाने तो रानात आपल्या डोळ्यांनी पाहिलेला नाही, आणि कॅमेऱ्याने त्याला अखेरचे टिपले ते २०१३ मध्ये. त्या पर्वतांत कोणते प्राणी उरले आहेत हे जाणण्यासाठी संशोधकांनी जळवा गोळा करून त्यांच्या पोटातील रक्ताची आनुवंशिक परीक्षा केली, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात क्वचितच आढळणाऱ्या सशाचा व हरिणाचा पत्ता लागला. पावसाळ्यात कोयनेच्या रानात पायाला चिकटलेल्या जळवांना शिव्या देणाऱ्या आमच्या गिर्यारोहक मित्रांनी यापुढे त्यांच्याकडे किंचित आदराने पाहावे. विष्ठेतून, केसांतून, पाण्यातून व आवाजाच्या ध्वनिमुद्रणांतून हेच काम निरनिराळ्या अंगांनी चालू आहे.

यंत्रे वाढली की माणूस विसरण्याचा धोका वाढतो, म्हणून जनावराशेजारी राहणाऱ्या माणसांचा विचार करणारे शेवटचे घराणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अकोल्याचा बिबट्या जिवंत राहतो तो तेथील शेतकऱ्याने त्याला खपवून घेतल्यामुळे. ठाणे-पालघरच्या वारल्यांच्या पाड्यांतून वाघोबाची ठाणी आहेत, वाघबारशीला त्याची पूजा होते, आणि अलीकडच्या अभ्यासकांनी या श्रद्धेकडे सहजीवनाचा एक करार म्हणून पाहिले आहे. तो करार सर्वत्र टिकेल अशी भाबडी आशा मी बाळगीत नाही. ज्याची शेळी गेली त्याला पंचनाम्यासाठी चार खेटे घालावे लागले तर देवाचीही पत उतरते. स्पितीत किब्बर गावाने चारुदत्त मिश्र यांच्या सहकार्याने जनावरांच्या विम्याची जी योजना उभारली, तिचे यश याच व्यवहारी जाणिवेत आहे. उलट, कॉर्बेटच्या परिसरात वन्यप्राण्यांसाठी लावलेले कॅमेरे लाकूडफाट्याला जाणाऱ्या स्त्रियांवर पाळत ठेवू लागले, त्यांच्या मुक्त वावरावर त्याने दडपण आले, असे एका अभ्यासाने दाखविले आहे. पडद्यापाठीमागे राहणाऱ्या जनावराला पाहण्याच्या नादात आपण माणसाचा पडदा हिरावून घेतो आहोत काय, हा प्रश्न या शास्त्राने स्वतःला विचारलाच पाहिजे.

हे सर्व आजच का सांगावयाचे, याचे कारण रस्त्यांत आहे. नागपूरहून शिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पेंचच्या जंगलातून रुंद झाला तेव्हा, दीर्घ न्यायालयीन वादानंतर, जनावरांना खालून जाता यावे म्हणून नऊ ठिकाणी मार्ग ठेवण्यात आले, आणि तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघ व रानकुत्रीही त्याखालून जाताना टिपली गेली. कोणत्या नाल्याच्या मुखाशी खांबांमधील अंतर वाढवावयाचे, हे अभियंत्याला कोणी तरी आधी सांगावे लागते, आणि ते सांगण्यासाठी न दिसणारी जनावरे कोठून जातात हे कोणी तरी आधी मोजलेले असावे लागते. पुढील दहा-वीस वर्षांत महाराष्ट्रात जेवढे रस्ते, कालवे व खाणी होऊ घातल्या आहेत, त्यांपैकी प्रत्येकापूर्वी असे मोजमाप झालेले असेल असे मानण्यास मला आधार दिसत नाही.

या क्षेत्रातील जवळजवळ सर्व निबंध इंग्रजीत आहेत; पंचनामा मात्र मराठीत होतो, ग्रामसभेचा ठराव मराठीत होतो, आणि रात्री दोन वाजता उसाच्या फडाभोवती जमलेल्या गर्दीला आवरणारा वनपाल जे काही बोलतो ते मराठीतच बोलतो. प्रस्तुत संग्रहाने ही दोन दप्तरे एकत्र बांधण्याचा प्रयत्न केला आहे. त्यात संशोधकांबरोबर वनरक्षकांनी सांगितलेले अनुभवही आहेत, आणि संपादकांनी त्यांचा दर्जा निबंधांपेक्षा खालचा मानलेला नाही. गणिताचा भाग टाळलेला नाही. ज्याला त्रैराशिक येते त्याला तो समजेल. सर्व लेख एका तोलाचे नाहीत, आणि बिबट्याला वाट्यापेक्षा अधिक पाने मिळाली आहेत, तर खवले मांजराला कमी; परंतु ज्या जनावराची चोरटी तस्करी इतकी मोठी आणि अभ्यास इतका थोडा, त्याच्याविषयी लिहिणारे हात मुळात मोजकेच आहेत.

एक सूचना करणे आवश्यक आहे. बहुतेक लेखांत गुहा, ढोली, पाणवठे व बिळे यांची नेमकी स्थाने दिलेली नाहीत, काही गावांची नावे वगळली आहेत आणि दोन नकाशे मुद्दाम पुसट छापले आहेत. छायाचित्र काढणाऱ्यांचे जथे आणि त्यांच्यामागून येणारे अधिक घातक गिऱ्हाईक यांचा अनुभव घेतलेल्या लेखकांनी ही अट घातली होती, आणि संपादकांनी ती विनातक्रार मान्य केली. त्या स्थानांविषयी प्रकाशकांकडे पत्रव्यवहार करू नये. उत्तर मिळणार नाही.